ग्रंथालयातील शोधाची वाट
भाईंदरच्या मिठागरांच्या निमित्ताने एक अभ्यासपाठ

शाळा-महाविद्यालयांतून प्रकल्पलेखनाला आज महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. पर्यावरण अभ्यासाचा विषय असो, इतिहासाचा असो किंवा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पुरस्कारिलेला क्षेत्रप्रकल्प असो, विद्यार्थ्याने स्वतः माहिती शोधावी, ती पारखावी आणि आपल्या शब्दांत मांडावी, ही अपेक्षा त्यामागे असते. प्रत्यक्षात मात्र शोधाची ही पायरीच अनेकदा वगळली जाते. तयार प्रकल्प विकत घेतले जातात, जुन्या वह्या उतरविल्या जातात, अथवा संगणकाच्या पडद्यावर प्रथम दिसेल तो मजकूर चिकटविला जातो. यात विद्यार्थ्याचा आळस असतो असे सरसकट म्हणता येणार नाही. शोध कसा घ्यावा हे त्याला कोणी शिकविलेलेच नसते, हे त्यामागील खरे कारण होय. ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, ज्याचे आईवडील महाविद्यालयात गेलेले नाहीत, त्या विद्यार्थ्याचे यात सर्वाधिक नुकसान होते. ग्रंथालय त्याच्यासाठीच असते; पण त्याच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या जात नाहीत.

या किल्ल्या कोणत्या आणि त्या कशा चालवाव्यात, याचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करणे सोयीचे ठरेल. ठाणे जिल्ह्यातील भाईंदर पश्चिम येथील एखाद्या विद्यार्थिनीने ‘भाईंदरची मिठागरे’ हा विषय घेतला आहे, असे समजू. खाडीच्या काठचा हा परिसर मीठ पिकविण्यासाठी पूर्वापार ओळखला जातो. १२ जून १९८५ रोजी येथे नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. ज्या गावाचे रूप इतक्या वेगाने पालटते, त्या गावाची जुनी ओळख कागदोपत्री कोठे व कशी सापडते, हे जाणून घेणे केवळ गुणांपुरते महत्त्वाचे नाही. ते त्या गावच्या नव्या पिढीचे काम आहे.

प्रश्न आधी, पुस्तक नंतर

ग्रंथालयात जाऊन “मिठागरांवर पुस्तक आहे का?” असे विचारले तर बहुधा ‘नाही’ असेच उत्तर मिळते आणि शोध तेथेच थांबतो. याचे कारण असे की विषय अद्याप प्रश्नाच्या रूपात आलेला नसतो. ‘भाईंदरची मिठागरे’ या दोन शब्दांत निदान चार विषय दडलेले आहेत. खाडीचे पाणी भरतीच्या वेळी आत घेऊन, उन्हात आटवून पावसाळ्यापूर्वी मीठ कसे गोळा केले जाते, हा विज्ञानाचा व तंत्राचा विषय होय. साष्टी बेटावरील मिठाच्या उत्पादनाचा आणि मिठावरील कराचा वृत्तांत हा इतिहासाचा विषय होय. मिठागरांवर राबणारा आगरी समाज आणि अन्य श्रमिक हा समाजशास्त्राचा विषय होय. मिठागरांखालील जमीन, तिची मालकी, लगतची खारफुटी आणि नागरीकरण हा कायद्याचा व नियोजनाचा विषय होय.

विद्यार्थिनीने यांपैकी एकाची निवड करून तो प्रश्नाच्या रूपात लिहून काढावा. उदाहरणार्थ, “नगरपरिषद स्थापन झाल्यानंतरच्या काळात भाईंदर परिसरातील मिठागरांखालील जमिनीच्या वापरात कोणता बदल झाला?” असा प्रश्न हाती असला म्हणजे कोणते पुस्तक उघडावयाचे आणि कोणते बाजूला ठेवावयाचे, हे आपोआप ठरते.

शब्दांची यादी

दुसरी पायरी म्हणजे शोधशब्दांची यादी. सूची मनुष्याने केलेली असो वा संगणकाने, ती शब्दांवर चालते. वाचकाच्या मनातील आशय तिला कळत नाही. म्हणून एकाच गोष्टीची जितकी नावे प्रचारात असतील तितकी लिहून घ्यावीत. मीठ, लवण, मिठागर, आगर, खाजण ही मराठीतील. तर सॉल्ट, सॉल्ट पॅन, सॉल्ट वर्क्स ही इंग्रजीतील. पारिभाषिक शब्दांबाबत शंका असल्यास राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उपयोगी पडतात. इंग्रजी संज्ञेला मराठीत कोणता शब्द योजला आहे, हे त्यांवरून कळते.

स्थलनामांच्या बाबतीत तर ही दक्षता अधिकच आवश्यक आहे. भाईंदर हे नाव ‘भायंदर’ असेही लिहिले जाते. संगणकाच्या दृष्टीने ही दोन निराळी गावे होत. ब्रिटिश काळातील कागदपत्रांत ठाणे ‘थाना’ या रूपात, वसई ‘बॅसीन’ या नावाने आणि साष्टी ‘सालसेट’ या नावाने येते. साष्टीऐवजी सालसेट हा शब्द माहीत नसल्यामुळे शंभर वर्षांचा इतिहास हातून निसटू शकतो.

प्रशासकीय सीमाही बदलत आल्या आहेत. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये निर्माण झाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि खाडीपलीकडील वसई तालुका त्यात समाविष्ट झाला. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यातच राहिले. तेव्हा २०११ सालचे ‘ठाणे जिल्ह्याचे’ आकडे आणि आजचे आकडे यांची सरळ तुलना करणे चुकीचे ठरेल. त्याचप्रमाणे १९८५ पूर्वीची स्थानिक माहिती नगरपरिषदेच्या नावाखाली सापडणार नाही. ती त्या वेळच्या ग्रामपंचायतींच्या व गावांच्या नावांखाली शोधावी लागेल.

कोश आणि संदर्भग्रंथ

शब्दांची यादी तयार झाल्यावर प्रथम कोशांकडे वळावे. मराठी भाषा या बाबतीत संपन्न आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० ते १९२९ या काळात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रकाशित झाला आणि २०१५ मध्ये विसावा खंड बाहेर पडला. हे खंड आता संगणकावरही विनामूल्य वाचता येतात. व्यक्तींच्या माहितीसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे चरित्रकोश, तर सण, देवस्थाने व परंपरा यांसाठी पंडित महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश ही साधने आहेत.

कोशातील नोंद ही शोधाची अखेर नसून आरंभ असतो, हे मात्र विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविले पाहिजे. विश्वकोशातील मीठविषयक नोंद वाचून ती उतरवून काढणे हा अभ्यास नव्हे. नोंदीच्या अखेरीस दिलेली संदर्भग्रंथांची नावे टिपून घेणे आणि नोंदीत ‘पहा’ म्हणून दर्शविलेल्या अन्य नोंदींकडे जाणे, हा तिचा खरा उपयोग होय.

स्थानिक विषयासाठी जिल्हा गॅझेटियरला पर्याय नाही. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेले ठाणे जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील माहिती एका ठिकाणी नसते. समाजांचे वर्णन लोकसंख्येच्या प्रकरणात, उद्योगधंद्यांचे वर्णन स्वतंत्र प्रकरणात, कर व महसूल यांची माहिती आणखी निराळ्या ठिकाणी, तर गावांच्या नोंदी स्थलवर्णनाच्या खंडात आढळतात. म्हणून अनुक्रमणिका आणि अखेरची सूची दोन्ही पाहाव्यात. राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाने जुनी गॅझेटियर संगणकीय स्वरूपातही उपलब्ध केली आहेत. ही माहिती परकीय राजवटीने आपल्या कारभाराच्या सोयीसाठी गोळा केली होती, याचे भान वाचताना ठेवावे. तीतील आकडे मोलाचे आहेत. समाजांविषयीचे शेरे मात्र पारखूनच घेतले पाहिजेत.

सूची आणि वर्गांक

यानंतर ग्रंथालयाच्या सूचीकडे वळावे. पूर्वी ही सूची लाकडी खणांतील कार्डांवर असे. आता अनेक ग्रंथालयांत ती संगणकावर आहे. रूप बदलले तरी तत्त्व तेच आहे. ग्रंथ लेखकाच्या नावाने, शीर्षकाने किंवा विषयाने शोधता येतो. ज्याला लेखक व शीर्षक ठाऊक नाही, त्याच्यासाठी विषयसूची हाच खरा दरवाजा होय. आणि विद्यार्थी नेमका तोच ठोठावीत नाहीत.

ग्रंथाच्या पाठकण्यावर लिहिलेला अंक म्हणजे वर्गांक. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीत ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग पाडले आहेत. ३०० पासून सामाजिक शास्त्रे, ५०० पासून विज्ञान, ६०० पासून तंत्र व उपयोजित शास्त्रे, ९०० पासून इतिहास व भूगोल असा त्यांचा क्रम लागतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण पद्धती मांडली. तीत विषयाचे निरनिराळे पैलू अंकांनी व चिन्हांनी जोडले जातात.

वर्गांकाचा उपयोग दुहेरी आहे. एक चांगले पुस्तक सापडले की त्याच वर्गांकाच्या शेजारची पुस्तके चाळावीत. सूचीत न सुचलेले पुस्तक तेथे हाती लागते. पण मिठागरांसारखा विषय एका फळीवर बसत नाही. मीठ तयार करण्याचे तंत्र ६०० च्या कपाटात, आगरी समाज ३०० च्या कपाटात आणि साष्टीचा इतिहास ९०० च्या कपाटात असतो. फळीवर जे विखुरले जाते ते सूचीत एकत्र येते. केवळ कपाटे चाळून शोध पुरा होत नाही तो याचमुळे.

ग्रंथालयात जे नाही ते कोठे आहे

जवळच्या ग्रंथालयात पुस्तक नसले म्हणजे ते मराठीत नाहीच, असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. मराठीत काय छापले गेले याचा आधार शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत मिळतो. पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांची नोंद आहे. एका व्यक्तीच्या चिकाटीतून उभे राहिलेले हे काम मराठीच्या प्रत्येक अभ्यासकाने एकदा तरी हाताळले पाहिजे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये भारतात प्रकाशित होणाऱ्या ग्रंथांची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य तीन ग्रंथालयांना देणे प्रकाशकांवर बंधनकारक आहे; त्या तिहींपैकी एक मुंबईत आहे.

भाईंदरच्या विद्यार्थ्याला भूगोलही अनुकूल आहे. घोडबंदर मार्गाने ठाणे गाठले की १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांचे नाव त्याच्या स्थापनेशी निगडित आहे. उपनगरी गाडीने दादरला उतरल्यास १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग गाठता येतो. त्याहून पुढे दक्षिण मुंबईत १८०४ पासूनचा वारसा सांगणारी एशियाटिक सोसायटी आणि १८२१ मध्ये स्थापन झालेले शासनाचे पुराभिलेखागार आहे. पेशवाईच्या काळातील वसई-साष्टीसंबंधी मूळ कागद पाहावयाचे असल्यास पुण्याच्या पेशवे दप्तराकडे जावे लागते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडलेले कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले आहेत.

एक सोपी कसोटी विद्यार्थ्यांना शिकवावी : “ही माहिती कोणाला गोळा करावी लागली असेल?” मिठाचे उत्पादन व नियमन हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीचा विषय आहे. अर्थात मिठागरांची अधिकृत माहिती राज्याच्या अहवालांत नव्हे, तर केंद्राच्या मीठ आयुक्तालयाच्या अहवालांत शोधली पाहिजे. मिठाच्या तंत्रासाठी १९५४ मध्ये भावनगर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेचे लेख पाहावेत. लोकसंख्येसाठी जनगणना पुस्तिका आणि जमिनीच्या वापरासाठी विकास आराखडा पाहावा. जे कागद कोणत्याही ग्रंथालयात नाहीत, त्यांच्यासाठी २००५ च्या माहितीच्या अधिकाराचा मार्ग नागरिकांना खुला आहे.

संगणकावरील शोध

संगणकाने हे अंतर पुष्कळ कमी केले आहे. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात विनामूल्य वाचता येतात. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. महाविद्यालय ‘एन-लिस्ट’ योजनेचे सदस्य असल्यास तेथील विद्यार्थ्यांना नियतकालिके व ग्रंथ घरबसल्या पाहता येतात. त्यासाठीचा परवलीचा शब्द ग्रंथपालाकडून घ्यावा लागतो. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेत शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे १३ हजार संशोधनपत्रिका उपलब्ध झाल्या आहेत.

शोधाचे तीन साधे नियम येथे पुरेसे आहेत. दोन शब्द ‘आणि’ने जोडले की निष्पत्ती कमी होते व नेमकी होते : ‘मिठागर आणि भाईंदर’. ‘किंवा’ने जोडले की ती वाढते : ‘भाईंदर किंवा भायंदर’. शब्दसमूह अवतरणचिन्हांत लिहिला की तो त्याच क्रमाने शोधला जातो. देवनागरीत शोधून झाल्यावर तोच शोध रोमन लिपीत पुन्हा घ्यावा; मराठी ग्रंथांच्या अनेक नोंदी रोमन लिपीतच केलेल्या आहेत. आणि एखादा उपयुक्त प्रबंध सापडला, तर सर्वप्रथम त्याची संदर्भसूची उघडावी. एका संशोधकाने काही वर्षे घालवून केलेला शोध तेथे आयता हाती येतो.

अलीकडे प्रश्न विचारताच सलग उत्तर लिहून देणाऱ्या संगणकीय प्रणाली विद्यार्थ्यांच्या हाती आल्या आहेत. विषयाची तोंडओळख किंवा शोधशब्द सुचविण्यापुरता त्यांचा उपयोग होऊ शकतो. तथापि अस्तित्वात नसलेले ग्रंथ आणि लेख त्या खरे भासतील अशा रीतीने सांगतात, असे वारंवार आढळून आले आहे. अशा प्रणालीने सांगितलेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत तपासावा आणि प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय प्रकल्पात घालू नये.

पारख आणि टिपण

सापडलेली प्रत्येक माहिती चार प्रश्नांनी पारखावी. ती कोणी लिहिली? केव्हा लिहिली? कशाच्या आधारे लिहिली? आणि कोणत्या हेतूने लिहिली? मिठागरांच्या जमिनीविषयी गृहबांधणी व्यावसायिकाचे माहितीपत्रक, पर्यावरण संस्थेचे निवेदन, शासनाचा अहवाल आणि मिठागरावरील कामगाराची मुलाखत या चारही गोष्टी उपयुक्त आहेत. पण त्यांचे वजन सारखे नाही आणि त्यांचा रोखही एक नाही. दोन साधनांत विसंगती आढळल्यास एक लपवून दुसरे देऊ नये. दोन्ही नोंदवून त्या विसंगतीचे कारण शोधावे. अभ्यास खऱ्या अर्थाने तेथूनच सुरू होतो.

टिपण घेताना प्रत्येक कागदावर लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठांक या पाच गोष्टी आधी लिहाव्यात व मग मजकूर घ्यावा. पुस्तकातील शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर ते अवतरणचिन्हांत ठेवावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध विनियम केले आहेत. परंतु नियमाच्या धाकापेक्षा, ज्याचे घेतले त्याचे नाव सांगावे ही सवय शाळेतच लागणे अधिक श्रेयस्कर होय.

शिक्षक, ग्रंथपाल आणि स्थानिक संस्था

मराठी मुलखात ग्रंथालयांना कायद्याचे पाठबळ पूर्वीच लाभले आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. तथापि कायद्याने ग्रंथालय उभे राहते, त्याचा उपयोग करण्याची शक्ती मात्र शिक्षणातूनच येते. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य असल्याचे डॉ. रंगनाथन यांनी आपल्या पाच सूत्रांपैकी एकात सांगितले. ते कर्तव्य पार पाडण्यासाठी ग्रंथपालाला शिक्षकाची साथ हवी. प्रकल्पाचा विषय देतानाच शिक्षकाने वर्गाला ग्रंथालयात न्यावे, ग्रंथपालाने एक तास सूचीची ओळख करून द्यावी, आणि प्रकल्पाच्या गुणांपैकी काही गुण शोधाच्या टिपणांसाठी राखून ठेवावेत. एवढ्यानेही विकतच्या प्रकल्पांना बराच आळा बसेल.

ग्रामपंचायती व नगरपालिका यांच्यापुढेही एक काम आहे. गावाच्या नोंदवह्या, जुने नकाशे, ठरावपुस्तके, शाळांचे स्मृतिग्रंथ, देवस्थानांचे व चर्चचे दप्तर, वृत्तपत्रांतील कात्रणे अशी साधने गावोगाव विखुरलेली असतात. पंचायतीची नगरपालिका होते, कार्यालय नव्या इमारतीत जाते आणि या धांदलीत जुने कागद रद्दीत जाण्याचा धोका असतो. पुढील अभ्यासकाला तो भाग कोऱ्या पानासारखा भासतो. भाईंदर, राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन यांसारख्या गावांबाबत असे होऊ नये, यासाठी स्थानिक शाळा व ग्रंथालये यांनी मिळून ‘स्थानिक अभ्यास’ असा एक कोपरा आणि त्याची एक सूची तयार करावी. तिच्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. एक नोंदवही, कोणता कागद कोणाकडे आहे याची नोंद, आणि दरवर्षी विद्यार्थ्यांच्या चांगल्या प्रकल्पांची एक प्रत, इतक्यावर तिचा आरंभ करता येईल. मिठागरांवर लिहिणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रकल्प त्या कोपऱ्यात ठेवला गेला, तर पुढच्या वर्षी त्याच विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याचा शोध शून्यापासून नव्हे, तर तिने जेथे सोडला तेथून सुरू होईल.